क्लीनटेक इन्क्युबेटर आणि अ‍ॅक्सिलरेटर: मुंबईतल्या नवउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी, सौर वाळवणयंत्र, ओल्या कचऱ्यातून गॅस, कमी कार्बनचं सिमेंट अशा क्लीनटेकच्या, म्हणजे प्रदूषण कमी करणाऱ्या तंत्रज्ञानाच्या, कामात उतरलेली मुलंमुली पवईपासून पनवेलपर्यंत भेटत राहतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल: कार्यक्रमाचं नाव किती मोठं आहे, यापेक्षा तुमच्या यंत्राची पुढची चाचणी तिथे होणार आहे का, ते बघा.

इन्क्युबेटर आणि अ‍ॅक्सिलरेटर यांत नेमका फरक काय?

इन्क्युबेटरमध्ये तुम्ही मुक्कामाला जाता. बसायला जागा, प्रयोगशाळा, कार्यशाळा, हिशेब आणि कायद्याची मदत मिळते, सरकारी अनुदानाची वाट खुली होते आणि दोन-तीन वर्षं सहज राहता येतं. बदल्यात भाडं द्यावं लागतं किंवा कंपनीचे थोडे समभाग. अ‍ॅक्सिलरेटरमध्ये तुकडी असते. सगळे एकदम आत येतात, तीन ते सहा महिने दर आठवड्याला कामाचा हिशेब होतो आणि शेवटी डेमो डेला गुंतवणूकदारांसमोर उभं राहायचं. बहुतेक खासगी अ‍ॅक्सिलरेटर समभाग घेतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावी १९५९ साली एका बंद पडलेल्या कारखान्याची इमारत लहान-लहान धंद्यांना भाड्याने देण्यात आली. तिथून इन्क्युबेटरची पद्धत सुरू झाली असं मानतात. अ‍ॅक्सिलरेटरचा साचा २००५ मध्ये अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरने घालून दिला. आता दोन्हींची सरमिसळ इतकी झाली आहे की पाटीवर काय लिहिलंय ते वाचून फारसं काही कळत नाही. आत काय मिळतं ते विचारावं.

क्लीनटेकसाठी वेगळा कार्यक्रम कशाला? साधा स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटर का चालत नाही?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्याचा मोठा धोका एकच असतो: लोक वापरतील का? तीन महिन्यांत त्याचं उत्तर मिळू शकतं. क्लीनटेकमध्ये धोके एकावर एक रचलेले असतात. रसायन चालतं का? चाललं तर हजार तास टिकतं का? टिकलं तर कारखान्यात बनवताना परवडतं का? परवडलं तर प्रमाणपत्र मिळतं का? आणि या सगळ्यानंतर, कुणी विकत घेतं का? यातली कुठलीही पायरी तीन महिन्यांत संपत नाही. विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये सुरुवात झाली, आयआयटी मद्रासच्या इन्क्युबेशन सेलने आधार दिला आणि पहिल्या स्कूटर ग्राहकांच्या हातात पडल्या त्या २०१८ मध्ये. शेअर बाजारात नोंदणी झाली २०२५ मध्ये. ज्याला अठरा महिन्यांत निकाल हवा आहे, अशा गुंतवणूकदाराने या कंपनीला मध्येच सोडून दिलं असतं.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटलवाल्यांनी, म्हणजे जोखीम घेऊन नवउद्योगांत पैसे घालणाऱ्यांनी, क्लीनटेकमध्ये २५ अब्ज डॉलरहून जास्त ओतले आणि त्यातले निम्म्याहून अधिक बुडाले, असं एमआयटीच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलं. सोलिंड्रा ही सौर पॅनेलची कंपनी सरकारी हमीचं ५३.५ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर अनेकांच्या लक्षात आलं की सॉफ्टवेअरचं माप इथे लावून चालणार नाही. प्रयोगशाळा हवी, सोबत थांबणारं भांडवल हवं आणि यंत्र लावून बघायला देणारा पहिला ग्राहक हवा. आजचे चांगले क्लीनटेक कार्यक्रम याच तीन गोष्टींभोवती बांधलेले आहेत.

जगात असे कार्यक्रम कुठे कुठे आहेत?

सगळ्यांची जंत्री देत नाही. पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्या समजून घ्या.

राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या कुशीतली पद्धत: कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत २०१४ मध्ये सायक्लोट्रॉन रोड सुरू झाला. शास्त्रज्ञाला दोन वर्षं पगारासारखं मानधन आणि प्रयोगशाळेतली महागडी उपकरणं वापरायची मुभा मिळते, समभाग द्यावे लागत नाहीत. पुढे अ‍ॅक्टिव्हेट या संस्थेने हीच पद्धत इतर शहरांत नेली. कार्बनच्या तापलेल्या ठोकळ्यांत उष्णता साठवणारी अँटोरा आणि कार्बन डायऑक्साइडपासून विमानाचं इंधन बनवणारी ट्वेल्व्ह, या दोन्ही कंपन्या तिथल्याच. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यांत पटते. कारण संशोधकाला धंदा शिकायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात त्याच्या घरी चूल पेटायला हवी, हे त्यांनी ओळखलं.

कार्यशाळेची पद्धत: बॉस्टनजवळ सॉमरव्हिलमधली ग्रीनटाउन लॅब्ज २०११ पासून चालू आहे, २०२१ मध्ये तिने ह्यूस्टनलाही घर केलं. तिथे भाडं भरायचं आणि वेल्डिंगपासून रसायनांच्या प्रयोगशाळेपर्यंत सगळं वापरायचं, समभागांची मागणी नाही. ह्यूस्टन हे तेलाचं शहर, त्यामुळे मोठ्या ऊर्जा कंपन्या शेजारीच. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. शहराची मदत असलेली पद्धत म्हणजे लॉस एंजेलिसचा एलएसीआय, तोही २०११ चाच.

सोबत थांबणाऱ्या भांडवलाची पद्धत: एमआयटीने २०१६ मध्ये सुरू केलेलं द इंजिन. लोखंड आणि हवेवर चालणारी, अनेक दिवस वीज पुरवणारी बॅटरी बनवणाऱ्या फॉर्म एनर्जीत त्यांची सुरुवातीची गुंतवणूक आहे.

युरोपने २०१० मध्ये युनियनच्या पातळीवर क्लायमेट-केआयसी आणि इनोएनर्जी या संस्था उभ्या केल्या. विद्यापीठं, उद्योग आणि नवउद्योग यांना एका दावणीला बांधायचा तो प्रयत्न. आफ्रिकेत जागतिक बँकेच्या पाठिंब्याने २०१२ मध्ये नैरोबीला केनिया क्लायमेट इनोव्हेशन सेंटर निघालं. आपल्याला शिकायचं असेल तर बॉस्टनपेक्षा नैरोबी जवळचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. कमी पैशाचा ग्राहक, खंडित वीज, शेतीमालाची नासाडी हे तिथले प्रश्न आपलेच आहेत. याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो या औद्योगिक विकास संस्थेचा ग्लोबल क्लीनटेक इनोव्हेशन प्रोग्राम अनेक विकसनशील देशांत राबवला गेला आणि भारतही त्यात होता.

मुंबईत आणि आसपास कुणाकडे जायचं?

पवईत आयआयटी मुंबईचं साइन हे इन्क्युबेटर आहे, २००४ पासूनचं. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच मोठी झाली. हार्डवेअर काय असतं हे तिथल्या लोकांना माहीत आहे. विद्याविहारला सोमय्याचं रिडल, माटुंग्याला व्हीजेटीआयचं इन्क्युबेटर. महापालिकेचा स्वतःचा स्माईल नावाचा इन्क्युबेटर उपक्रम आहे. राज्याची महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटी स्टार्टअप वीक घेते. त्यात निवड झालेल्यांना सरकारी खात्यांकडून कामाचं आदेशपत्र मिळतं, आणि ते मला अनुदानापेक्षा मोलाचं वाटतं. कारण पुढच्या ग्राहकाला दाखवायला तुमच्या हातात झालेलं काम असतं.

रसायन किंवा जैवतंत्रज्ञान असेल तर पुण्याला जायचा कंटाळा करू नका. एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर २००७ पासून आहे आणि तिथली उपकरणं तासावर वापरता येतात. दादरहून सकाळची गाडी पकडली तर त्याच दिवशी नमुना तपासून परत येता येतं.

माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांची एसफोरएस टेक्नॉलॉजीज सगळ्यांनी बघण्यासारखी आहे. त्यांनी सौर वाळवणयंत्र गावातल्या शेतकरी महिलांच्या हाती दिलं, वाया जाणारा भाजीपाला वाळवून घेतला आणि तो खाद्यउद्योगाला विकायची साखळीही स्वतःच उभी केली. २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक, म्हणजे दहा लाख पौंड, त्यांना मिळालं. यंत्राइतकंच डोकं त्यांनी विक्रीच्या साखळीत घातलं, हे विसरू नका.

पैसे किती मिळतात आणि त्याबदल्यात काय द्यावं लागतं?

सरकारी वाटेने सुरुवात करा, कारण अनुदानात समभाग जात नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयासमधून नमुना बनवायला १० लाख रुपयांपर्यंत मिळतात. जैवतंत्रज्ञानासाठीच्या बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग अनुदानातून ५० लाखांपर्यंत, तेही १८ महिन्यांसाठी. कचऱ्यावरचे जिवाणू, जैवइंधन, विकरं (एन्झाइम) यांवर काम करणाऱ्यांनी हे चुकवू नये. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे (पुढे समभागांत बदलू शकणारे) अशी रचना आहे. कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. अर्जाची खिडकी उघडी आहे की नाही ते थेट इन्क्युबेटरला फोन करून विचारा, एजंटाला नको.

खासगी अ‍ॅक्सिलरेटरचा हिशेब कागदावर मांडूनच सही करा. समजा ७ टक्के दिले. संस्थापकांकडे ९३ उरले. पुढे गुंतवणुकीच्या तीन फेऱ्यांत दर वेळी २० टक्के गेले, तर ९३ चे होतात ७४.४, मग ५९.५, मग ४७.६. कर्मचाऱ्यांसाठी राखलेले समभाग यात धरलेलेच नाहीत. क्लीनटेकला फेऱ्या जास्त लागतात, त्यामुळे सुरुवातीला सोडलेला प्रत्येक टक्का पुढे फार आठवतो. वाय कॉम्बिनेटर ७ टक्क्यांसाठी १.२५ लाख डॉलर देतं आणि आणखी ३.७५ लाख डॉलर पुढच्या गुंतवणूकदारांना मिळतील त्या सगळ्यांत चांगल्या अटींवर समभागांत बदलणाऱ्या करारावर. नाव नसलेला एखादा कार्यक्रम १० टक्के मागून फक्त खुर्ची-टेबल आणि मार्गदर्शन देत असेल, तर नमस्कार करून निघा.

परदेशी कार्यक्रमाला मुंबईतून अर्ज करता येतो का? कंपनी तिकडे न्यावी लागते का?

अर्ज करता येतो, पण अट वाचा. काही कार्यक्रम देशोदेशीच्या कंपन्या आहेत तशाच घेतात. काहींना त्यांच्या देशात नोंदणी हवी असते. वाय कॉम्बिनेटर भारतात नोंदलेल्या कंपनीत थेट पैसे घालत नाही. मग मूळ कंपनी अमेरिकेत किंवा सिंगापूरला आणि भारतातली तिची उपकंपनी, अशी उलटापालट करावी लागते. ती करण्याआधी सीएकडे बसा. सीड फंड योजनेत भारतीय प्रवर्तकांचा वाटा किमान ५१ टक्के हवा, म्हणजे उलटापालट केली की ती दारं बंद होऊ शकतात. तुमचा ग्राहक इथली सोसायटी, इथली महापालिका किंवा इथला शेतकरी असेल, तर ही घाई करू नये असं मी सांगते.

अजून कंपनीच नाही. मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. चालेल का?

चालेल. निधी-प्रयाससारख्या योजना व्यक्तीलाही असतात. फक्त कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलेल्या कामावर हक्क कुणाचा, हे लेखी करून घ्या. गाइडशी संबंध चांगले असतानाच हे करायचं असतं.

पेटंट आधी की डेमो डे आधी?

पेटंट आधी. निदान तात्पुरता अर्ज तरी. तो भरल्यावर पूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात. सगळ्यांसमोर एकदा दाखवलं की नावीन्याचा दावा अडचणीत येतो, मग ते स्टेज कॉलेजच्या महोत्सवाचं का असेना. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सूट मिळते.

पायलट, म्हणजे खऱ्या जागेवरची चाचणी, कुठे करायची? कुणी यंत्र लावूनच देत नाही.

बरेच जण इथेच अडकतात.

मुंबईत ओल्या कचऱ्याला ग्राहक आहे. २०१७ पासून महापालिका २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगते आहे. अशा एका सोसायटीत यंत्र लावायचं म्हटलं की काय काय लागतं ते बघा. सेक्रेटरी हो म्हणतात, कमिटी म्हणते सर्वसाधारण सभेत ठेवा. सभेत पहिला प्रश्न वासाचा, दुसरा बिलाचा. मीटर सोसायटीचा, मग युनिट कोण भरणार? थ्री-फेज जोडणी पंपाच्या खोलीपर्यंतच आलेली, यंत्र पार्किंगच्या टोकाला. केबल ओढायला खर्च कुणाचा? आणि यंत्र सुरू झालं की कचऱ्याच्या डब्यातून काय येतं ते कळतं. प्रयोगशाळेत तुम्ही भाजीची देठं आणि भात घातलेला असतो. इथे शहाळी येतात, नारळाच्या शेंड्या येतात, गणपतीत हारांचे दोरे येतात. ते दोरे श्रेडरच्या दांड्याभोवती असे घट्ट गुंडाळतात की मोटर गुरगुरते आणि ट्रिप होते. मग सुरी घेऊन ते कापत बसायचं. जुलैत कचरा आधीच ओलाकिच्च असतो, आत टाकायचा भुसा संपतो आणि दोन दिवसांत वॉचमन यंत्राकडे बोट दाखवून तक्रार करतो. सफाई करणाऱ्या मावशींना डबा उचलून वर ओतावा लागत असेल, तर त्या तो ओतणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. तोंड कमरेच्या उंचीला हवं.

हे सगळं डेमो डेच्या दहा स्लाइडमध्ये येत नाही, पण यंत्र घडतं ते इथेच. म्हणून कार्यक्रम निवडताना थेट विचारा: मागच्या तुकडीतल्या कुणाकुणाचं यंत्र कुठे बसवून दिलंत? पत्ता द्या, मी जाऊन बघते. पत्ता मिळाला तर कार्यक्रम खरा. आणि पायलटसाठी पावसाळ्याचे निदान दोन महिने धराच. मुंबईत जे पावसाळ्यात चाललं नाही, ते चाललं असं मी मानत नाही.

पायलटचे पैसे मागा. अगदी वीजबिल आणि केबलचा खर्च सोसायटीने उचलला तरी चालेल. फुकट लावून घेतलेल्या यंत्राकडे कुणी लक्ष देत नाही.

परवाने कोणते लागतात? इन्क्युबेटर सांभाळून घेतं का?

सांभाळून घेत नाही, वाट दाखवतं. रसायन, जाळणं, सांडपाणी यांतलं काही असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची चौकशी पहिल्याच महिन्यात करा. दुचाकी-तीनचाकीची बॅटरी असेल तर एआयएस-१५६ हे सुरक्षेचं मानक आहे. २०२२ मध्ये दुचाकींना आगी लागल्यानंतर ते कडक झालं. चाचणीसाठी पुण्याची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था. तिथली तारीख आणि शुल्क दोन्ही आधीच वेळापत्रकात धरा, कारण बहुतेकांचं वेळापत्रक इथेच कोलमडतं.

या कार्यक्रमांतून बाहेर पडलेल्या कंपन्या बुडत नाहीत का?

बुडतात. इनोएनर्जीने सुरुवातीपासून पाठबळ दिलेली नॉर्थव्होल्ट ही युरोपची बॅटरीतली मोठी आशा होती. मार्च २०२५ मध्ये तिने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. प्रयोगशाळेत जमलेलं कारखान्यात त्याच दर्जाने आणि त्याच वेगाने निघेना. कुठलाही इन्क्युबेटर उत्पादनाची शिस्त आयती देऊ शकत नाही. तुमच्या चमूत कारखान्यात घाम गाळलेला एक माणूस हवा. चाकण, अंबरनाथ, तळोजा इथे अशी निवृत्त माणसं भरपूर आहेत आणि ती सल्ला द्यायला आनंदाने येतात. मला विचाराल तर दोन एमबीए कमी घ्या, पण हा एक काका घ्या.

इंग्रजी सफाईदार नाही. अडचण येईल का?

अर्जात थोडी, मुलाखतीत कमी. बहुतेक निवड समित्यांना आकडा हवा असतो: किलोमागे किती युनिट, टनामागे किती रुपये, किती तास चाललं. तो मराठीत सांगा, हिंदीत सांगा. राज्य सोसायटीच्या कार्यक्रमांत तर मराठीत बोलायला काहीच हरकत नसते. अर्ज मात्र कुणाकडून तपासून घ्या, आणि एआयकडून लिहून घेतलेला गुळगुळीत अर्ज पाठवू नका. शंभर अर्ज एका सुरात वाचल्यावर ज्यात यंत्राचा आवाज येतो, तोच बाजूला काढला जातो.

नोकरी सोडूनच जावं लागतं का?

अ‍ॅक्सिलरेटरसाठी हो, किमान एका संस्थापकाला. इन्क्युबेटरमध्ये सुरुवातीचे काही महिने संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भागवता येतं. घरच्या हप्त्यांची किमान वर्षभराची सोय केल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

मुलाखतीला काय घेऊन जायचं?

यंत्र उचलता येत असेल तर यंत्र. नसेल तर चालू असतानाचा, न कापलेला व्हिडिओ, मोजमापाची वही आणि वापरून बघणाऱ्या एखाद्या माणसाचा फोन नंबर, त्याच्या परवानगीने. बिघाडांची नोंद लपवू नका. कधी बंद पडलं, कशामुळे, काय बदललं, हे तारखेवार लिहिलेलं पान समितीसमोर ठेवलंत की प्रश्नांचा रोख बदलतो आणि पुढची अर्धी मुलाखत त्या पानावरच होते.